काळ्या गाडीवर जाळ्यासारखे ओरखडे: हाताने धुवावी की ब्रशच्या मशीनमध्ये घालावी?

धायरीकर

नमस्कार मंडळी. मागच्या दसऱ्याला आम्ही काळी बलेनो घेतली. घरातली पहिलीच गाडी, आणि बाबांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे आहेत त्यात, त्यामुळे जीव जरा जास्तच अडकलाय.

परवा रात्री बेसमेंटच्या पार्किंगमध्ये किल्ली हातातून पडली. शोधायला मोबाईलचा टॉर्च लावला, तो बॉनेटवर पडला आणि मी जागच्या जागी थांबलो. उजेडाभोवती बारीक बारीक गोल रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. टॉर्च सरकवला की जाळंही सरकायचं. छत, दारं, डिकी, सगळीकडे तेच. दिवसा सावलीत यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. आठ महिन्यांच्या गाडीची ही अवस्था बघून रात्री नीट झोप लागली नाही.

आता धुण्याबद्दल. सोसायटीत रोज पहाटे एक काका गाड्या पुसायला येतात. महिन्याचे ६०० रुपये. २२ गाड्या, एक बादली, एक फडकं. शिवाय दोनदा मी गाडी एका पेट्रोल पंपावरच्या ऑटोमॅटिक वॉशिंगला नेली, ते मोठे फिरणारे ब्रश असतात तिथे. दुसऱ्या वेळी माझ्या पुढे एक जीप होती, कुठल्या तरी साइटवरून आलेली, चाकांच्या वरपर्यंत चिखल. ती बाहेर निघाली आणि लगेच त्याच ब्रशांखाली माझी गेली. मनात पाल चुकचुकली होती, पण पावती फाडून झाली होती.

शेजारी सांगतात काकांना बंद करा, बायको म्हणते मशीन बंद कर. मी दर रविवारी स्वतः धुवायला तयार आहे, पण आमच्याकडे पाणी टँकरचं आणि गाडीला नळी लावायला सोसायटीची बंदी. काका बिल्डिंग झाल्यापासून येतात, त्यांचं काम काढून घ्यायला मन धजत नाही. या रेघा नक्की कशाने पडतात, आणि धुवायचं कसं, हे जाणकारांनी सांगावं.

रंगकाम_कोल्हापूर

दादा, १८ वर्षं बॉडीशॉपमध्ये रंगकाम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. त्या रेघा गोल नाहीत. सगळ्या दिशांनी आडव्यातिडव्या पडलेल्या आहेत. टॉर्चचा उजेड ज्या रेघांवर आडवा पडतो तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल दिसतात. पांढऱ्या गाडीवरही एवढ्याच असतात, फक्त डोळ्याला दिसत नाहीत. काळा रंग काही लपवत नाही.

पत्र्यावरचा सगळा थर, म्हणजे प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट धरून, कंपनीतून येतो तो साधारण १०० ते १३० मायक्रॉन. वहीचं एखादं जाडसर पान समजा. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, आणि तुमच्या रेघा त्यातल्याही अगदी वरच्या भागात आहेत. नखाला लागत नसतील तर रंगापर्यंत काही गेलेलं नाही, जिवाला लावून घेऊ नका.

रेघ पाडते ती धूळ. तुमच्या भागात बांधकामं चालू असणार, म्हणजे हवेत क्रशसँड आणि सिमेंट. दगडाचा कण क्लिअर कोटपेक्षा कडक असतो. फडकं ओलं केलं म्हणून तो कण मऊ पडत नाही, फडक्याला चिकटतो आणि फडकं फिरेल तिकडे ओढत जातो. काकांचं फडकं पंधराव्या गाडीपर्यंत पोचतं तेव्हा त्यात चौदा गाड्यांची माती असते. पंपावरच्या ब्रशाचंही तसंच झालं, जीपची माती तुमच्या बॉनेटवर आली. त्यामुळे हात की मशीन या वादात पडू नका. अंगाला काहीही लागायच्या आधी धूळ पाण्याने निघून गेली का, एवढं बघा.

घरी धुवायची तर सकाळी आठच्या आत, सावलीत. बॉनेट हाताला गरम लागत असेल तर थांबा, कारण पाणी जागेवर वाळतं आणि टँकरच्या पाण्यातला क्षार पांढरा डाग होऊन बसतो. आधी नुसतं पाणी मारून माती उतरू द्या. मग दोन बादल्या, एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून परत शाम्पूत. छतापासून खाली या. दाराखालचा पट्टा सगळ्यात शेवटी, तिथे माती जास्त. चाकांना वेगळं फडकं, ते अंगाला कधीच लावायचं नाही. हात सरळ रेषेत चालवा, गोल नको. मोजा जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो बाद. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण वापरू नका, वॅक्स निघून जातं. आणि धुवून झाल्यावर लगेच टिपून घ्या, वाऱ्यावर वाळू देऊ नका.

वॉशिंग सेंटरला टाकलीत तर एक लक्षात ठेवा. खालून डिझेल मारू का विचारतात, नाही म्हणा. चकाकी दोन दिवस, पण रबरी बुश फुगतात आणि धूळ दुप्पट बसते.

रेघा काढायला मशीन पॉलिश आहे. पण दर वेळी त्यात थोडा क्लिअर कोट झिजतोच, आणि तो परत उगवत नाही. आधी धुण्याची सवय बदला, सहा महिन्यांनी एकदाच हलका हात मारून घ्या. दर दिवाळीला रबिंग करून आणलेल्या गाड्या मी बघितल्यात. सातव्या-आठव्या वर्षी छत पांढरं फटक पडतं, मग पूर्ण रंगवण्याशिवाय इलाज उरत नाही. ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण तो रंग चांगला होता.

जांभा_रत्नागिरी

वरचं सगळं पटलं. पण तुम्ही सगळे रंगाकडे बघताय, मी खालच्या बाजूबद्दल लिहिते. आमच्याकडे खारं वारं आणि जांभ्याची लाल माती. गाडी वरून कितीही चकचकीत ठेवा, गंज आतून आणि खालून येतो. आमची आधीची गाडी रंगाने नवी दिसायची, आणि दाराची खालची कड एक दिवस बोट लावल्यावर बिस्किटासारखी तुटली.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची छोटी भोकं असतात. माती आणि आंब्याचा मोहोर बसून ती बुजतात, मग पाणी दारातच साठतं. मी दर महिन्याला झाडूच्या हिराने ती मोकळी करते, पाच मिनिटांचं काम. वायपरच्या खालची पानंही त्याच वेळी. हे कुठलंही मशीन करत नाही आणि सांगितल्याशिवाय माणूसही करत नाही. पावसाआधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा गाडी रॅम्पवर चढवून खालून प्रेशरने धुवून घेते. पुळणीवर गाडी नेलीच असेल तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. धायरीकर, कोकणात येऊन गेलात की एवढं करा.

श्टुटगार्टचा_सातारकर

मशीनला सरसकट नावं ठेवू नका. इथे जर्मनीत बऱ्याच गावांत रस्त्यावर किंवा घरासमोर गाडी धुवायला मनाई आहे, कारण तेलकट पाणी जमिनीत मुरतं. त्यामुळे मी सहा वर्षं मशीनमध्येच नेतोय. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा तर खालची बाजू धुणारा प्रोग्रॅम हवाच.

मात्र गाडी पट्ट्यावर चढण्याआधी एक माणूस हातात प्रेशरची नळी घेऊन उभा असतो. चाकांच्या कमानी, खालचा पट्टा, मागची नंबरप्लेट, सगळी माती तो उडवतो, मगच गाडी आत. आत प्लास्टिकचे राठ केस नाहीत, कापडाच्या किंवा फोमच्या पट्ट्या असतात, आणि पाणी गाळून परत वापरतात. माझी गडद निळी आहे, रेघा आहेत पण थोड्या. पुण्यात मशीन शोधायचंच असेल तर हाताने आधी पाणी मारतात का आणि ब्रश कशाचा आहे, हे उभं राहून एक गाडी बघून घ्या. जीपच्या मागे नंबर लागला तर सरळ रांग सोडा, पैसे गेले तरी चालतील.

बंगळुरू_वारी

पाण्यावर उपाय सांगतो. मार्च २०२४ मध्ये इथे टंचाई झाली तेव्हा पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी गाडी धुवायला वापरलं तर ५,००० रुपये दंड लावला. तेव्हापासून नळी बंद. बागेत वापरतात तो दोन लिटरचा हातपंपाचा फवारा घ्या. पाण्यात थोडा शाम्पू घालून सगळ्या गाडीवर फवारा, पाच मिनिटं माती भिजू द्या, मग साध्या पाण्याचा फवारा वरून खाली. धूळ ओघळताना दिसते. नळीचा हिशोब एकदा केला होता, माझी २० लिटरची बादली दीड मिनिटात भरायची. पंधरा मिनिटं नळी म्हणजे २०० लिटर पाणी गटारात.

धायरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी साडेसहाला करून बघितलं. फवारा आणि दोन १५ लिटरच्या बादल्या. साध्या पाण्याची एकदा बदलली, म्हणजे तीन बादल्या, ४५ लिटर. सव्वा तास लागला, पुढच्या वेळी कमी लागेल.

काका शेजारची गाडी पुसत होते, मध्येच येऊन बघत उभे राहिले. शेवटी साध्या पाण्याची बादली हळूच ओतली, तर तळाशी चमचाभर काळपट रेती. फवारा मारून, माती ओघळल्यानंतरही एवढी निघाली. काकांनी ती दोन बोटांत घेऊन चोळली. करकर आवाज आला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मी त्यांना म्हटलं, आमच्या गाडीचं रोजचं पुसणं बंद, आठवड्यातून दोनदा अशीच धुवा, पैसे तेवढेच. फवारा, मोजा, फडकी माझी. ते म्हणाले, "करतो की, पण पाणी कुठून आणू? खालचा नळ वॉचमन सातला बंद करतो. एका बादलीत मी बावीस गाड्या का करतो असं वाटलं तुम्हाला?"

तीन वर्षं त्या सोसायटीत राहून मला हे माहीत नव्हतं. काल सेक्रेटरींना अर्ज दिलाय, पार्किंगचा नळ साडेआठपर्यंत चालू ठेवा, नळी लावणार नाही, फक्त बादल्या. २२ पैकी १३ गाडीवाल्यांनी सह्या केल्यात, उरलेल्यांकडे आज संध्याकाळी जातोय. दाराखालची भोकंही बघितली, डावीकडचं मागचं पूर्ण बुजलेलं होतं.

रंगकामवाले दादा, एक विचारायचं राहिलं. कबुतराची घाण बॉनेटवर वाळली असेल तर ओलं फडकं ठेवून भिजवायचं की नुसता फवारा पुरे?

रंगकाम_कोल्हापूर

फडकं ओलं करून वर ठेवा, दहा मिनिटं. मग उचलायचं, घासायचं नाही. आणि दिसली की त्याच दिवशी काढा, उन्हात राहिली तर क्लिअर कोटवर कायमचा डाग पाडते. अर्जाचं काय झालं ते कळवा.