कोयत्यासाठी भंगारातलं कोणतं लोखंड घ्यावं?

प्रश्न (भांडुप):
आजोबांची ऐरण गावाहून आणली, मित्राच्या गाळ्यात भट्टी लावली. दारूखान्यातून (मुंबईतला भंगारबाजार) बांधकामाची जाड सळई घेऊन पहिला कोयता घडवला. आकार सुरेख आला, पाणीही दिलं (कडक व्हावा म्हणून तापवून बुडवला), पण पहिल्याच नारळाला धार वळली. चुकलं कुठे?

उत्तर १ (कुर्ला):
हात नाही चुकला, माल चुकला. सळईत कार्बन कमी असतो, म्हणून ती नीट कडक होत नाही, शिवाय प्रत्येक सळई वेगळी. ट्रकच्या कमानीचा (चाकांवरच्या स्प्रिंगचा) पाटा घ्या, त्यात साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो. भंगारवाल्याकडे ग्राइंडर असेल तर तुकडा टेकवून बघाच. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कार्बनवाल्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. जुन्या पाट्यात बारीक तडे असतात, तेवढा भाग कापून टाका. तापवताना लोहचुंबक चिकटेनासं झालं (साधारण 770 अंश) की थोडं आणखी तापवून तेलात बुडवा. पाण्यात नको, पाटा तडकतो. कानस घसरली की समजा कडक झाला. मग लगेच 250 अंशांच्या आसपास दोन तास शेका, नाहीतर काचेसारखा फुटेल.

उत्तर २ (डोंबिवली):
जस्त चढवलेले पाइप भट्टीत घालू नका. त्या पांढऱ्या धुराने मला रात्रभर थंडी वाजून ताप भरला होता. रुळाचा तुकडा कुणी स्वस्तात देत असेल तर पावती मागा. चोरीची रेल्वे मालमत्ता बाळगणं 1966च्या कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. रविवारी पाटा आणायला कुर्ल्याला येतो.