पहिली आवृत्ती म्हणून मागितलेली किंमत द्यावी का? (मदत हवी आहे)

सागरगोटा, दापोली
रत्नागिरीतील एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे १९५२ सालच्या एका मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती असून तो तिचे साडेतीन हजार रुपये मागत आहे. रविवारपर्यंत होकार न कळवल्यास ती मुंबईच्या ग्राहकाला देईन, असे त्याने बजावले आहे. घ्यावी की नाही, एवढेच कृपया सांगावे.

जुनीपाने
कादंबरी कोणती, वरचे वेष्टन शाबूत आहे का, ती पहिली आवृत्ती असल्याचे कशावरून ठरवले, यांपैकी काहीच न सांगता उत्तर कसे मिळणार?

सागरगोटा
नाव मुद्दाम देत नाही. येथील निम्मे सभासद उद्याच रत्नागिरीची एसटी धरतील. आतील पानावर 'प्रथमावृत्ती १९५२' असे स्पष्ट छापलेले आहे. वेष्टन नाही. बांधणी घट्ट आहे.

हापूसप्रेमी
डोळे मिटून घ्या. आमच्याकडे आजोबांनी घेतलेले १९१५ सालचे गीतारहस्य आहे आणि त्याचे मोल आज लाखांत असणार. जुने ते सोने.

जुनीपाने
केवळ वय वाढल्याने किंमत वाढत नाही. ज्या पुस्तकाच्या प्रती घरोघरी पोचल्या आणि जपल्या गेल्या, त्याची पहिली आवृत्तीही दुर्मीळ असेलच असे नाही. उलट थोड्या प्रती निघालेल्या आणि पुढे नावारूपाला आलेल्या कवितासंग्रहासाठी संग्राहक हवे ते मोजतात.

चिपळूणवासी
किंमत राहू द्या, पुस्तक ठेवणार कुठे? २०२१ च्या पुरात आमच्या गावातील वाचनालयाच्या ग्रंथांचे काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पूर नसला तरी आपल्याकडील चार महिन्यांच्या दमट हवेत पुठ्ठ्यावर बुरशी धरते आणि कसर शिवणीपाशी शिरते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत ओल साठते. कातडी बांधणी करून घेतल्यास मात्र पुस्तक टिकेल.

जुनीपाने
कृपया असे काही करू नका. मूळ बांधणी उसवली की संग्राहकाच्या दृष्टीने निम्मे पुस्तक गेलेच.

चिपळूणवासी
पुस्तक वाचायचे असते, देव्हाऱ्यात ठेवायचे नसते.

जुनीपाने
वाचण्यासाठी साडेतीन हजार कशाला? मूळ प्रश्नाकडे येऊ. पुनर्मुद्रणातही 'प्रथमावृत्ती' ही ओळ पुष्कळदा तशीच राहते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. आतील मजकुरात 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार आहेत का? ते १९६२ च्या लेखननियमांनंतर गळाले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असल्यास छपाई १९७२ नंतरची समजावी. आणि किंमत कशी छापली आहे?

हापूसप्रेमी
अनुस्वार काही लेखक आधीपासूनच गाळत असत, त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

जुनीपाने
मान्य, म्हणूनच किंमत विचारली.

सागरगोटा
अनुस्वार आहेत, पिनकोड नाही. किंमत '४ रु. ५० न. पै.' अशी आहे. आता तरी सांगा.

जुनीपाने
नवे पैसे १ एप्रिल १९५७ रोजी चलनात आले. १९५२ साली साडेचार रुपये लिहायचे तर 'रु. ४-८-०' असे आण्यांत लिहीत. मात्र शिल्लक प्रतींवर नंतर रबरी शिक्का मारून किंवा चिठ्ठी चिकटवून किंमत बदललेली असू शकते. आपल्या प्रतीवर शिक्का आहे की छपाई?

सागरगोटा
फोटो मोठा करून पाहिला. शिक्का नाही, चिठ्ठी नाही. वरच्या ओळींच्याच टंकात आणि त्याच शाईत, मुद्रकाच्या नावाखाली सरळ रेषेत छापलेली आहे.

जुनीपाने
मग हे पान १९५७ नंतरच छापलेले आहे आणि ही पहिल्या छपाईची प्रत नव्हे. विक्रेता लबाड आहे असे मी म्हणत नाही, कदाचित त्यालाही ती ओळच पुरेशी वाटली असेल. त्याला हे पान दाखवा आणि जुन्या वाचनीय प्रतीची जी किंमत असते तेवढीच देऊ करा. वेष्टनही नसल्याने पाचशेच्या वर जाऊ नका.

चिपळूणवासी
त्या विक्रेत्याकडे जुने दिवाळी अंक मिळतील का?

सागरगोटा
चारशे सांगितले आहेत. रविवारनंतर पुस्तकाचे नाव कळवतो.