नोटिशीत ‘ततततत’ कुणी टाईप केलं?

माई ए-१०१ (८:०४): सोसायटीच्या कमिटीला नम्र विनंती, काल बोर्डावर लावलेली वार्षिक सभेची नोटीस एकदा चष्मा लावून वाचा. "सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे तततततततततत" असं छापलंय आणि त्याच्याखाली सही शिक्का सगळं व्यवस्थित. आमच्याकडे काल पाहुणे आले होते ते लिफ्टची वाट बघताना वाचून हसत होते

अण्णा बी-१०४ (८:०६): सुप्रभात मंडळी 🌹🙏

नाना बी-२०२ (८:०९): ऑफिसच्या कॉम्प्युटरला हा नवीन वायरलेस कीबोर्ड नको, वायरवालाच घ्या. मी मागच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं

सेक्रेटरी ताई सी-४०१ (८:१५): माई सॉरी, आजच बदलून लावते 🙏 क्लार्क ताईंनी टाईप केलं तेव्हा बरोबरच होतं, त्या प्रिंटरमध्ये कागद घालायला वळल्या तेवढ्यात आपोआप अक्षरं उमटली म्हणाल्या. गेला आठवडाभर मधेमधे असंच होतंय

वकीलसाहेब बी-५०१ (८:२१): आपोआप म्हणजे काय? बाहेरून कुणीतरी त्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं असू शकतं. त्याच मशीनवर आपलं नेटबँकिंग चालतं, सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला पैसा, त्याच खात्यात आहे. दुसरं म्हणजे ही नोटीस मागे घेऊन नवीन काढणार असाल तर सभेआधी नोटिशीचे १४ पूर्ण दिवस परत मोजायचे का हे आधी ठरवा, सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी हे मी सांगायला नको

चिनूची आई ए-४०२ (८:२३): नोटीसच तत-पप करायला लागली 😂

माई ए-१०१ (८:२४): हसण्यावारी नेऊ नका गं

खजिनदार ए-३०३ (८:३०): वकीलसाहेब, सगळा पैसा सुरक्षित आहे, स्टेटमेंट रोज बघतो. पण पासवर्डचा प्रॉब्लेम मलाही आला. परवा तीनदा चुकीचा पासवर्ड दाखवून बँकेने लॉगिन लॉक केलं. पासवर्ड मला पाठ आहे

वकीलसाहेब बी-५०१ (८:३२): हेच म्हणतोय मी! आणि हे ग्रुपवर आज कळतंय?

नाना बी-२०२ (८:३३): वायरवाला असता तर हे झालंच नसतं

पिंट्या सी-२०४ (८:४१): काका एक मिनिट. खजिनदार काका, नवीन कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा आहे का बघा. बऱ्याच वायरलेस कीबोर्डला सेल वाचावेत म्हणून तो दिवाच देत नाहीत, नम लॉकचा पण नाही. कॅप्स चालू राहिला तर पासवर्ड चुकणारच कारण समोर नुसते ठिपके दिसतात. लॉगिनच्या आधी नोटपॅडमध्ये दोन अक्षरं टाईप करून बघत जा, पासवर्ड नाही हां, कुठलीही दोन अक्षरं

खजिनदार ए-३०३ (८:४४): दिवा नाहीच आहे. आणि आकडे पण कधीकधी उमटत नाहीत, मेंटेनन्सच्या एंट्र्या करताना कर्सर इकडेतिकडे पळतो

पिंट्या सी-२०४ (८:४५): तो नम लॉक. बंद झाला की उजवीकडच्या ८-२-४-६ चे बाण होतात

नाना बी-२०२ (८:४६): १२९९ रुपये दिले आणि दिवा नाही

खजिनदार ए-३०३ (८:४९): नाना, दिवाळीच्या वेळी ऑफिसमधल्या वायरी पायात येतात म्हणून तक्रार कुणाची होती? बी विंगचीच. तुमच्याच मजल्यावरची. बिल फाईलला लावलंय, येऊन बघा

नाना बी-२०२ (८:५१): तक्रार एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरीची होती. कीबोर्डच्या वायरीत आजपर्यंत कुणी अडकून पडलेलं मी तरी ऐकलेलं नाही. तीन कोटेशन घेतली होती का?

सेक्रेटरी ताई सी-४०१ (८:५२): नाना, १२९९ च्या वस्तूला तीन कोटेशन लागत नाहीत हो 🙏

अण्णा बी-१०४ (८:५३): पाणी आज किती वाजता येणार

वकीलसाहेब बी-५०१ (८:५८): मूळ मुद्दा भरकटतोय. पिंट्या, वायरलेस कीबोर्डवर टाईप केलेलं बाहेरून पकडता येतं की नाही? हो किंवा नाही सांग

पिंट्या सी-२०४ (९:१२): काका एका शब्दात नाही सांगता येणार. हा सेट २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतो, आपलं वायफाय आणि ब्लूटूथ पण त्याच पट्ट्यात. कीबोर्ड ते कॉम्प्युटरला लावलेल्या छोट्या रिसीव्हरपर्यंत जे हवेतून जातं ते एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे मधे कुणी पकडलं तरी वाचता येणार नाही असं हवं. २०१६ साली बॅस्टिल नावाच्या सिक्युरिटी कंपनीने दाखवलं होतं की काही स्वस्त कीबोर्ड प्रत्येक अक्षर उघड्यावर पाठवतात, ७५ मीटरच्या आसपासवरून पकडता येत होतं. त्याच वर्षी त्यांनी हेही दाखवलं की काही वायरलेस माऊसच्या रिसीव्हरला बाहेरून खोटी बटणं दाबून पाठवता येतात. त्यामुळे तुमची काळजी अगदीच वायफळ नाही. आपल्या सेटच्या खोक्यावर १२८ बिट एईएस (एन्क्रिप्शनची एक मजबूत पद्धत) लिहिलंय का तेवढं बघायला हवं, असेल तर बाहेर बसून ऐकणं सोपं नाही. पण आत्ता जे होतंय ते मला हॅकिंग वाटत नाही, हॅकर सभेच्या नोटिशीत त त त कशाला लिहील, तो गुपचूप बसेल

वकीलसाहेब बी-५०१ (९:१५): हे पटलं. तरी तपास होईपर्यंत त्या मशीनवरून बँकेचं काम बंद ठेवा

खजिनदार ए-३०३ (९:१६): बंद ठेवलं. वॉचमनचे पगार उशिरा झाले तर मला विचारू नका

चिनूची आई ए-४०२ (९:२०): पिंट्या विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे चिनूचा माऊस पण अडकत अडकत चालतो, विशेषतः हार्ड डिस्कवर फोटो कॉपी करताना. सेल परवाच बदललेत. ह्यांचं म्हणणं माऊस बाद झाला, नवीन आणू

पिंट्या सी-२०४ (९:२९): वहिनी नवीन आणू नका. हार्ड डिस्क निळ्या रंगाच्या पोर्टला आहे ना आणि माऊसचा रिसीव्हर त्याच्या शेजारी? तो निळा म्हणजे यूएसबी ३.०, त्यातून डेटा जाताना जी गडबड बाहेर पडते ती नेमकी माऊसच्या २.४ गिगाहर्ट्झमध्ये येते. इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय, रिसीव्हर लांब न्या म्हणून. लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, नाहीतर यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन वायर घेऊन रिसीव्हर टेबलावर माऊसच्या जवळ ठेवा. बऱ्याच जणांचे चांगले माऊस ह्याच कारणाने भंगारात जातात आणि मला खरंच वाईट वाटतं

नाना बी-२०२ (९:३१): म्हणजे वायरलेससाठी वायर घ्यायची. वायरवालाच घ्या

चिनूची आई ए-४०२ (९:४८): पिंट्या!! दुसऱ्या बाजूला लावला, लोण्यासारखा चालतोय. हे म्हणतायत चहाला ये

माई ए-१०१ (९:५०): ऑफिसचा माऊस पण सरळ चालत नाही, मी पावती घ्यायला गेले तेव्हा क्लार्क ताई तो मेंटेनन्स रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर घासत होत्या. टेबलावर काच आहे, तिच्याखाली जुने फोटो आणि फोन नंबरचे कागद सरकवलेत

पिंट्या सी-२०४ (९:५२): बरोबर करतायत त्या. माऊसच्या खालचा सेन्सर दिव्याच्या उजेडात पृष्ठभागाचे भराभर फोटो काढून हालचाल ओळखतो, काचेवर त्याला धरायला काही मिळत नाही. साधा माऊसपॅड आणा

खजिनदार ए-३०३ (९:५३): व्हाऊचर कोण करणार ते सांगा. परत कोटेशन विचारतील

नाना बी-२०२ (९:५४): विचारणारच. सोसायटीचा पैसा आहे

सेक्रेटरी ताई सी-४०१ (१०:०५): माऊसचं अजून एक, दर आठ दिवसांनी बंद पडतो. चौकशी केली तर कळलं भिंतीवरचं घड्याळ थांबलं की कुणीतरी माऊसमधला सेल काढून घड्याळाला लावतं आणि घड्याळातला संपलेला माऊसला 😐 कुणाचं नाव घेत नाही

अण्णा बी-१०४ (१०:०७): घड्याळ बंद असलं की लोक ऑफिस किती वाजता बंद होतं यावरून भांडतात म्हणून मी लावला होता. वेळ महत्त्वाची आहे

माई ए-१०१ (१०:०८): अण्णा 🙏

सेक्रेटरी ताई सी-४०१ (१०:१०): अण्णा सेल ड्रॉवरमध्ये ठेवलेत हो, मागायचे ना

वकीलसाहेब बी-५०१ (१०:१५): ततततत चं काय झालं? घड्याळ नंतर

पिंट्या सी-२०४ (१०:२२): क्लार्क ताईंना एवढं विचाराल का, इंग्रजीत काम करताना आपोआप कुठलं अक्षर येतं

सेक्रेटरी ताई सी-४०१ (१०:३१): विचारलं. स्मॉल एल. ओळभर एल एल एल एल

पिंट्या सी-२०४ (१०:३८): मग झालं. मराठीसाठी आपण इनस्क्रिप्ट वापरतो, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं मराठी अक्षर ती मांडणी, त्यात एलच्या बटणावरच त आहे. म्हणजे मराठी असो इंग्रजी असो, तेच एक बटण दाबलं जातंय. आता मला सांगा जुना सेट कुठे गेला? ज्याचा माऊस पडून फुटला तो, त्याचा कीबोर्ड चांगला होता

खजिनदार ए-३०३ (१०:४०): ऑफिसमध्येच असेल. टाकून कसा देणार, ॲसेट रजिस्टरला आहे

पिंट्या सी-२०४ (१०:४१): आणि त्याचा रिसीव्हर? शेंगदाण्याएवढा असतो, सीपीयूच्या मागे

खजिनदार ए-३०३ (१०:४२): ते मी कशाला बघू

सेक्रेटरी ताई सी-४०१ (११:१०): मी आणि क्लार्क ताई आत्ता ऑफिसमध्ये आहोत. सीपीयूच्या मागे प्रिंटरच्या वायरीशेजारी जुना रिसीव्हर तसाच लावलेला आहे. नवीन पुढे आहे. आणि जुना कीबोर्ड टेबलाच्या खालच्या लाकडी कप्प्यात निघाला, त्याच्यावर पावती पुस्तकांचा गठ्ठा आणि त्याच्यावर पार्किंग स्टिकरचं खोकं. त्याच्यात सेल अजून आहेत आणि मागचं बटण ऑन!! पावती पुस्तक काढलं की ताई गठ्ठा परत आत ढकलतात, पुस्तकाचा कोपरा एलच्या बटणावर बसतो. माझ्यासमोर ढकलून दाखवलं, स्क्रीनवर लगेच तततततत

चिनूची आई ए-४०२ (११:११): 😂😂😂 हॅकर कप्प्यात सापडला

पिंट्या सी-२०४ (११:१४): ताई तो मागचा रिसीव्हर आधी काढा आणि जुन्या कीबोर्डमधले सेल पण काढा, तसेच राहिले तर पाझरून आतल्या पट्ट्या गंजतात. रिसीव्हर कीबोर्डलाच सेलोटेपने चिकटवून ठेवा, ही जोडी फॅक्टरीतूनच लावून येते आणि हा हरवला तर बहुतेक स्वस्त सेटना दुसरा रिसीव्हर चालत नाही, कीबोर्ड कायमचा निकामी

वकीलसाहेब बी-५०१ (११:२०): चांगलं शोधलंस. मग बँकेचं काम सुरू करायला माझी हरकत नाही, मात्र पासवर्ड बदला आणि खोक्यावर ते एईएस आहे का बघून ग्रुपवर फोटो टाका. नसेल तर बँकेच्या कामापुरता वायरचा कीबोर्ड ठेवा, तेवढ्यापुरतं नानांचं बरोबर आहे

नाना बी-२०२ (११:२१): वायरवालाच घ्या

खजिनदार ए-३०३ (११:३५): खोकं मिळालं. १२८ बिट एईएस लिहिलेलं आहे, फोटो टाकलाय. तरीपण बँकेसाठी वायरचा आणतो म्हणजे विषय संपेल. लॅमिंग्टन रोडला माझं शनिवारी काम आहेच. बिल आधी ग्रुपवर टाकीन, मग व्हाऊचर

नाना बी-२०२ (११:३८): दिवेवाला बघा. आणि माऊस वायरलेस राहिला तरी चालेल, माझं भांडण कीबोर्डशी आहे

माई ए-१०१ (११:४०): नोटीस

सेक्रेटरी ताई सी-४०१ (११:५५): दुरुस्त प्रत बोर्डावर लावली माई, ह्या वेळी मी स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तारीख, वेळ, विषयपत्रिका काहीच बदललेलं नाही. वकीलसाहेब, सभेला अजून २१ दिवस आहेत, आजपासून मोजलं तरी १४ पूर्ण दिवस भरतात

वकीलसाहेब बी-५०१ (११:५८): मग हरकत नाही. सर्वांना ईमेलनेही दुरुस्त प्रत पाठवा

अण्णा बी-१०४ (१२:०२): पाणी किती वाजता येणार ते कुणी सांगितलं नाही

सेक्रेटरी ताई सी-४०१ (१२:०४): अण्णा साडेपाचला, टाकीचा पंप वॉचमन लावेल