किल्लीच्या रिंगची चार्जिंगची बॅटरी : ठेवू का परत करू?

चिरेबंदी_घर

मंडळी जरा सल्ला हवाय. मी कुडाळजवळ एमआयडीसीत सेकंड शिफ्टला. सुटायला साडेअकरा होतात, बाईक वर डांबरी रस्त्यालाच लावायला लागते कारण घर खाली व्हाळापलीकडे (म्हणजे ओढ्यापलीकडे), मधे सात-आठ मिनिटांची पायवाट, एका बाजूला गडगा (दगडांची कुंपणभिंत) आणि दुसऱ्या बाजूला काजू. पावसाळ्यात निम्म्या वेळा लाईट गेलेली असते. आत्तापर्यंत मोबाईलच्या टॉर्चवर भागवलं पण एका हातात छत्री, खांद्याला डब्याची पिशवी आणि मोबाईल भिजायची भीती, शिवाय शिफ्ट संपेपर्यंत त्याचं चार्जिंग १० टक्क्यांवर आलेलं असतं.

म्हणून ऑनलाइन एक किल्लीच्या रिंगला अडकवायची चार्जिंगची छोटी बॅटरी, म्हणजे टॉर्च, मागवली, १,३५० रुपये. अंगठ्याएवढी, ॲल्युमिनियमची, मागे चुंबक, बाजूला एकच बटण, टाइप-सी चार्जिंग. खोक्यावर १००० ल्युमेन (उजेडाचं माप) लिहिलंय आणि आतला सेल ३३० एमएएच (किती चार्ज मावतो त्याचं माप). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझंच काहीतरी चुकत असेल.

आठवडा झाला वापरतोय. फुल्ल लावली की पहिल्यांदा वा म्हणावं असा उजेड, व्हाळापलीकडची विहीर दिसते, पण मिनिटभरात हाताला चटका बसेल इतकी तापते आणि उजेड आपोआप निम्म्याहून कमी होतो. मोबाईलच्या चार्जरला (दोन्हीकडे टाइप-सी असलेली वायर) लावली तर चार्जच होत नाही, साधा लाल ठिपकापण लागत नाही. आणि बुधवारी पँटच्या खिशात आपोआप लागली, मांडीला गरम लागलं तेव्हा कळलं, बंद केली पण रात्री निघताना बघतो तर मेलेली. चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं बूचपण नीट बसत नाही.

शुक्रवारपर्यंत परत करता येते. पीस खराब आलाय की या जातीच्या सगळ्या अशाच? आणि दुसरी घ्यायची झाली तर बघायचं काय?

लास्ट_लोकल

मोबाईल आहे ना खिशात? पॉवरबँक घे, विषय संपला. दीड हजार घालून किल्लीला लोढणं कशाला बांधायचं.

सोल्डर_आणि_चहा

@लास्ट_लोकल त्याने छत्री, पाऊस, १० टक्के सगळं लिहिलंय रे, वाचत जा की.

पीस ठीक दिसतोय. आकडेमोड करून बघ, सोपी आहे. ३३० एमएएच म्हणजे ०.३३ गुणिले ३.७ व्होल्ट, साधारण १.२ वॉट-तास. आजकालचा बरा एलईडी आणि त्यामागचं सर्किट मिळून एका वॉटला ढोबळमानाने १०० ल्युमेन देतात. म्हणजे तुझ्या टाकीत सगळे मिळून १२० ल्युमेन-तास. १००० ने जाळलेस तर ७ मिनिटं, ६० ने दोन तास, १५ ने आठ तास. आणि १००० ल्युमेनला १० वॉट लागणार, अंगठ्याएवढ्या ॲल्युमिनियममध्ये १० वॉट म्हणजे माझ्या टेबलावरचं छोटं सोल्डरिंग आयर्न मुठीत धरल्यासारखंच झालं की. म्हणून सर्किट मिनिटभरात करंट खाली आणतं, ते मुद्दाम तसं बसवलेलं असतं, कमी झाला नसता तर मी म्हणालो असतो आजच्या आज परत कर.

नावाजलेल्या कंपन्यांनापण हे गणित चुकत नाही. नाइटकोरची टिप एसई बघ, ७०० ल्युमेन आणि ५०० एमएएच, म्हणजे १.८५ वॉट-तास, म्हणजे फुल्लवर पंधराएक मिनिटांच्या फार पुढे जाणं शक्यच नाही. फरक इतकाच की असल्या कंपन्या बहुतेक एफएल१ नावाच्या मानकाप्रमाणे मोजलेले आकडे छापतात. त्यात ल्युमेन मोजतात ते बॅटरी लावल्यावर ३० सेकंदांनी, तू वा म्हणालास त्या क्षणी नाही. पण तिथेही गोम आहे. चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंत, त्यामुळे १००० ची बॅटरी मिनिटभरात १२० वर उतरून पुढे पाऊण तास रेंगाळली तरी १००० च्या रकान्यात पाऊण तास छापता येतो आणि कोणी खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. अंतराचंही तेच, ०.२५ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरेपर्यंत मोजतात, म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. खोक्यावरच्या ९० मीटरवर झाड उभं आहे एवढं कळेल, झाडाखाली काय आहे ते नाही.

चार्जिंगचं वेगळं आहे. दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरीत चार्जर आधी बघतो पलीकडे कोणी आहे का, आणि आहे म्हणून कळवायला बॅटरीच्या बोर्डवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. काही पैशांचा माल, पण स्वस्तातले बनवणारे नेमका तोच वाचवतात. मग चार्जर वीज सोडतच नाही. जुना चौकोनी यूएसबीवाला चार्जर काढ आणि त्याची वायर लाव, होईल चालू. याला मी खराब पीस म्हणणार नाही पण कंजूषपणा नक्की म्हणीन, आणि जो इथे दोन रेझिस्टर वाचवतो त्याने आत आणखी काय वाचवलंय कुणास ठाऊक. सेलवर किंवा खोक्यावर आयएस १६०४६ (सेलच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक) असं कुठे छापलंय का बघ.

परत करायच्या आधी एक कर. खोलीत पूर्ण अंधार करून बॅटरी छताकडे तोंड करून उभी ठेव, मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप टाकून तो शेजारी उताणा ठेव आणि दर मिनिटाला आकडा लिही. ॲपचा आकडा बरोबर नसेल पण उतार खरा कळतो. फुल्लचं सोड, मधल्या मोडवर किती वेळ सरळ चालते ते बघ. तुझी वाट आठ मिनिटांची आहे.

आडवाटेचा_गडी

मी किल्लीच्या बॅटरीला ल्युमेन विचारतच नाही. मला एवढंच बघायचं असतं की अंधारात बटण दाबल्यावर पहिलं काय लागतं. माझी पहिली होती ती थेट फुल्लवर लागायची, हरिश्चंद्रगडावर गुहेत रात्री दोनला पाण्याची बाटली शोधायला लावली आणि बारा जणांनी शिव्या घातल्या, वर स्वतःचेच डोळे पाच मिनिटं गेले ते वेगळं. सगळ्यात कमीवर लागणारी किंवा मागचा मोड लक्षात ठेवणारी हवी. आणि मोड बदलताना मधे जर लुकलुकणारा येत असेल, तो लपलेला नसेल, तर विचार न करता परत कर, रोज छळतो तो.

खिशात लागण्यावर उपाय म्हणजे लॉक. बहुतेकांत असतं, कुठे बटण लांब दाबायचं, कुठे पटापट चार वेळा, तुझ्या खोक्यातल्या त्या चिमूटभर कागदावर बारीक अक्षरात असेल बघ. डोकं फिरवून लागणाऱ्या पण मिळतात, ऑलाइटची आय१आर २ तशी आहे, ५ आणि १५० असे दोनच मोड. खिशात लागायची भीती जवळजवळ नाही पण फिरवायला दोन हात लागतात, आणि तुझ्या एका हातात छत्री, म्हणजे तुला बटणवालीच बरी.

आता खरं सांगतो, बाईकच्या किल्लीला ती लावूच नको. किल्ली स्विचात असताना बॅटरी खाली लोंबकळत राहते आणि प्रत्येक खड्ड्याला आपटते, वर्षभरात माझ्या बॅटरीची काच तडकली आणि बाईकवर ओरखडे पडले ते निराळेच. पेट्रोलचं झाकण उघडायचं तर किल्ली झाकणात, बॅटरी त्याच रिंगला, उजेड टाकीवर सोडून सगळीकडे. एका बोटाने सुटणारा छोटा हूक मिळतो तो मधे घाल, नाहीतर डब्याच्या पिशवीच्या बंदाला बांध.

गोठणकाका

अरे बाबा, त्या वाटेर फुरशाचो भरवसो नाय, विषारी साप तो. गडगा आणि पाचोळा म्हटल्यावर मला तेच आधी आठवलं.

पंधरा-वीस वर्षं साप पकडून सोडतोय म्हणून सांगतो. फुरसं असतं जेमतेम वीतभर-हातभर, रंग अगदी जांभ्याच्या मातीचा, आणि माणूस आला की पळून न जाता तिथेच वेटोळं करून करकरत बसतं. तुझ्या त्या निळसर पांढऱ्या झगझगीत उजेडात माती, पाचोळा आणि साप सगळं एकाच राखाडी रंगाचं होतं. पिवळसर उजेडाची बॅटरी बघ, आणि माहितीत सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर लिहिलं असेल तर उत्तम, लाल-तपकिरी रंग वेगळे दिसतात. ल्युमेन थोडे कमी मिळतील, मिळू दे.

दुसरं, बॅटरी डोळ्याजवळ धरू नको, गुडघ्याच्या उंचीवर धरून पुढे दोन-तीन पावलांवर मार. खालून तिरका उजेड पडला की प्रत्येक काटकीची सावली पडते आणि वेटोळं उठून दिसतं. पावसात तर फुल्ल लावूच नको, समोर नुसते थेंब चमकतात आणि वाट दिसत नाही. ४०-५० ल्युमेन खूप झाले. आमच्या बाबांची तीन सेलची जीप कंपनीची बॅटरी यापेक्षा जास्त नसेल देत, आयुष्य गेलं तिच्यावर.

आणि चपला घालून जात असशील तर १,३५० मधले निम्मे गमबुटावर घालायचे होते. चावलंच तर दोरी बांधणं, कापणं नाही, हालचाल कमी करून सरळ सरकारी दवाखाना. लस असते, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही तिच्यात येतात.

ओसरीवरची

काकांचं गुडघ्याचं आजच करून बघितलं, अंगणातल्या पाटाच्या कडेला बसलेला बेडूकसुद्धा दिसला.

माझं मत थोडं वेगळं आहे. आतला सेल काढता येत नसेल तर दोन-तीन वर्षांत तो दमतो आणि मग सगळी बॅटरीच कचऱ्यात. मी रिमोटच्या बारीक सेलवर चालणारी घेतली आणि त्यात चार्जिंगचे सेल घालते. एक सेल ७५० एमएएच, पण १.२ व्होल्ट, म्हणजे ०.९ वॉट-तास, वरच्या दादांच्या हिशोबाने तुझ्या ३३० वालीच्या थोडंच खाली. आठवडाभर लाईट नसली तरी वाडीतल्या दुकानात साधा सेल मिळतो. फक्त साधा सेल आत विसरायचा नाही, पाझरला की आतली स्प्रिंग हिरवी होऊन बॅटरी संपली, माझी एक तशीच गेली. लांबी मात्र बोटाएवढी, खिशात टोचते, हे खरं.

चिरेबंदी_घर

सगळ्यांचे आभार, केलं सगळं, सांगतो.

जुन्या चार्जरला लावली, लगेच लाल दिवा, दीड तासात हिरवा. म्हणजे रेझिस्टरच वाचवलेत. सेलचं काही छापलेलं नाही, खोक्यावर एका कोपऱ्यात आर अक्षर आणि पुढे नंबर आहे, तो त्या आयएस १६०४६ चाच का ते बघतोय. लॉक निघालं, चार वेळा पटापट दाबायचं, कागदावर शेवटच्या ओळीत होतं. बटण सुरू करताना मागचा मोड लक्षात ठेवते, लुकलुकणं दोनदा दाबल्यावरच येतं, म्हणजे गडीभाऊंच्या परीक्षेत पास.

छताचा प्रयोग रविवारी रात्री केला. फुल्लवर ॲपचा आकडा ८४ ने सुरू झाला आणि बरोब्बर पन्नासाव्या सेकंदाला घसरला तो २० वर येऊन थांबला. मधल्या मोडवर ९ ने सुरुवात, सव्वा तासापर्यंत ९ च, मग हळूहळू उतरत दोन तास दहा मिनिटांनी बंद. माझ्या वाटेचे जाता-येता धरले तरी आठवडा निघतो. काल मधल्यावर, गुडघ्याला धरून आलो, पाऊस होता, वाट आधीपेक्षा चांगली दिसली हे मान्य करायलाच हवं. उजेड निळसर आहे हे पण खरं, गडग्याचे चिरे लाल न दिसता मळकट दिसतात. पुढची पिवळसर घेईन.

तर सध्या ठेवतोय. हूक घेतला चाळीस रुपयांचा. एक गोष्ट राहिली, ते रबराचं बूच. दाबून बसवलं तरी एका कोपऱ्यातून उठतं आणि आपल्या पावसात ते भोक भिजल्याशिवाय राहणार नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणतो सुटं मिळत नाही, पूर्ण पीस बदलून देतो पण पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवस परत मोबाईलवर यायचं नाहीये. कोणाकडे जुगाड आहे का?

आडवाटेचा_गडी

पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा माग, फुकट देईल. कात्रीने बांगडीसारखी दोन सेंटिमीटर रुंद पट्टी काप आणि बॅटरीवर चढव, बूच तिच्याखाली दबून राहतं. चार्ज करताना वर सरकवायची. ओल्या हातातून निसटतपण नाही मग. फक्त बटण झाकलं जाणार नाही एवढं बघ.

सोल्डर_आणि_चहा

आणि चढवायच्या आधी भोक कोरडं कर. ओलं असताना चार्जिंगला लावलंस तर आतल्या पिना हिरव्या पडतात, मग रेझिस्टर असो नसो.