सुपरहीरो वेबकॉमिक : बिनसंवादाच्या चौकटींनी ताण कसा वाढवायचा? (सल्ला हवाय)

गेटापलीकडचा
नमस्कार मंडळी. बेळगावात बसून एक सुपरहीरो वेबकॉमिक काढतोय, मोबाइलवर खाली सरकवत वाचायचं. हीरो दिवसा वडगावात मागावर काम करतो. एक प्रसंग अडलाय. रात्री टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट पडलंय. अलीकडे हीरो, पलीकडे खलनायक, मधून मालगाडी. सगळं बिनसंवादाचं ठेवलंय. पण ज्यांना दाखवलं ते सर्रकन सरकवून पुढच्या मारामारीवर जातात. संवादाचे फुगे घालू का? की आधी काही वाचू? सुचवा.

शाईची दौत
फुगे नको. भावा, तुझ्याकडं आख्खी मालगाडी आहे आणि तू तिला नुसती जाऊ देतोयस!
दोन डब्यांमधल्या फटीतून पलीकडचा माणूस दिसू दे. पहिल्या फटीत तो उभा. मग डबा, चौकटभर गंजका पत्रा. दुसऱ्या फटीत तोच, तिथंच, पण हात खिशात गेलेला. परत डबा, आधीपेक्षा लांब. उभ्या स्क्रोलमध्ये लांबी म्हणजेच वेळ. तिसऱ्या फटीत नुसता रस्ता आणि पानटपरीचा दिवा. इथं वाचक आपणहून थांबतो, वर जाऊन बघतो, गेला कुठं म्हणून. कोन मात्र बदलू नको. बदललास तर तो हलला की आपण, तेच कळणार नाही.

खानापूरची पोर
दौतदादा बरोबर बोलतायत, पण खिशात काय आहे ते वाचकाला आधीच ठाऊक हवं. हीरोला नसलं तरी चालेल. नाहीतर फटीत माणूस असला काय, नसला काय, कुणाला पडलीय?
वाचायला 'जी. आय. जो' या अमेरिकन कॉमिकचा २१ वा अंक, १९८४ चा, लॅरी हामा यांचा. सबंध अंकात संवाद नाही. सुपरहीरो नाहीत, निंजा आहेत, पण कोण कुठं उभा आहे यात कधी घोळ होत नाही. तेवढं नीट बघा. मार्व्हलनं २००१ च्या डिसेंबरात बऱ्याच मालिकांचे अंक असेच मुके काढले होते. सगळे जमलेत असं मला तरी वाटत नाही.
आणि स्कॉट मॅक्लाउड यांचं १९९३ चं 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'. मुक्या चौकटीत किती वेळ गेला याची खूण नसली तर ती काळाबाहेरची वाटू शकते, असं ते सांगतात. तुम्हाला इथं ते नकोय. विडी जळत आलेली दाखवा, वेळ आपोआप कळेल.

निपाणीवाला
विडीचं नाव निघालं म्हणून आलो. 😄
आठवड्याला एक भाग टाकत असशील तर आख्खा भाग मुका ठेवू नको. वाट बघून बघून लोकांना मिनिटात संपणारा भाग मिळाला की शिव्याच बसतात. आधी बडबड होऊ दे, मग हे गेट. 'धडाड् धडाड्' मात्र राहू दे, गाडी आहे ती.

शाईची दौत
अजिबात नको. तीही अक्षरंच की. डोळा आधी तिकडं जातो. त्याच कारणानं टपरीवरची पाटीही कोरी ठेव. बेळगावातली पाटी काढलीस तर वाचक आधी कन्नड वर की मराठी ते बघणार, आणि कॉमेंटमध्ये सीमाप्रश्न सुरू होईल तो वेगळाच.

गेटापलीकडचा
कच्चं रेखाटन केलं. धडाड् काढलं, पाटी पुसली. मराठी न येणाऱ्या कन्नड मित्राला फोन दिला. तिसऱ्या फटीशी बोट थांबलं, "एल्लि होदा?" (कुठं गेला?) म्हणत वर गेला. पण ताई, खिशातली वस्तू मागच्या भागात दाखवायला हवी होती, आणि तो भाग तर टाकून झालाय. आता?

खानापूरची पोर
त्यातली एक चौकट बदलून परत चढवा की गपचूप. कोण बघतंय.

निपाणीवाला
मी बघतोय. लिंक टाक आधी.