रक्तात का दिसत नाही?

वर एका ताईंनी विचारलंय, डोपामिन (मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) वाढल्याने स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा मानसिक आजार) होत असेल तर भावाच्या रक्ततपासणीत ते का आलं नाही? ताई, रक्तातल्या डोपामिनवरून मेंदूतलं कळत नाही. शिवाय वाढ सगळ्या मेंदूत नसते. स्ट्रायटम नावाच्या खोलवरच्या भागात ते जास्त सुटतं, आणि मग साध्यासुध्या गोष्टीही आपल्यालाच उद्देशून आहेत असं वाटू लागतं, असं मानतात.

माझा धाकटा मामा फोंड्याला असायचा. रेडिओ भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, बातम्या देणारा आपलंच नाव घेतो म्हणून. आजीने देवळात कौल लावला, घाडीही (मांत्रिक) झाला. शेवटी डॉक्टर. गोळ्यांनी दीड महिन्यात आवाज ओसरले, पण हात थरथरू लागले, कपातला चहा बशीत सांडायचा. ती गोळी हालचाली सांभाळणाऱ्या भागातही डोपामिनची वाट अडवते, म्हणून पार्किन्सनसारखं दिसतं. डोस कमी केल्यावर थरथर गेली.

मामाचा अबोला मात्र गेला नाही. तासन् तास अंगणात नुसता बसून असायचा. एकट्या डोपामिनने याचा उलगडा होत नाही. ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्या रसायनाचं काम अडवणारं केटामिन हे भुलीचं औषध निरोगी माणसातही थोडा वेळ अशी लक्षणं आणतं, अबोल्यासकट. आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं स्किझोफ्रेनियावरचं औषध झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम डोपामिनची वाट थेट अडवतच नाही.

भावाचेही हात थरथरत असतील तर गोळ्या परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना सांगा.