उत्तर: वाईत शूटिंगशिवाय आहे काय?

वर विचारलंय म्हणून लिहितो, आजोळ तिथलंच. ढोल्या गणपतीसमोर सगळेच फोटो काढतात. जरा देवळाच्या मागं जाऊन भिंत बघा. माशाच्या आकाराची, निमुळती. कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जातं. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं हे देऊळ अजून उभं आहे.

हिवाळ्यात कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचाच, उत्सव घाटाघाटानं फिरतो. मामाच्या घाटाची पाळी आली की घरी चूल पेटायची नाही, सगळे प्रसादालाच!

आणि हो, वाईजवळच्या मेणवली गावातली पोर्तुगीज घंटा चुकवू नका. १७३९ च्या मराठ्यांच्या वसईच्या विजयानंतर आलेली. समुद्राकाठची ही पाहुणी आता पक्की घाटावरची झालीय.

शूटिंगमुळं रस्ता अडला की मात्र आम्हीही वैतागतो.